दारव्हा तालुक्यातून एएची मीटिंग कशी गाठायची?

पांदण_रस्ता: मोठ्या भावाला दारू सोडायची आहे, तो स्वतःच म्हणतो. वय ४१. सकाळपासून देशी, दिवसाला तीन-चार पव्वे. खाजगी केंद्रात टाकायला पैसे नाहीत. एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंग जवळात जवळ कुठं लागते हे कसं शोधायचं? गावाकडं परतायची शेवटची गाडी साडेसहाची, आणि मीटिंगा म्हणे संध्याकाळीच असतात. मी सोबत गेलो तर आत बसू देतात का?

काळी_माती: मीटिंग नंतर, भाऊ. आधी दवाखाना. रोज एवढी पिणाऱ्यानं उद्यापासून एकदम बंद केली तर सहा ते चोवीस तासांत हातपाय थरथरणं, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. हे जिवावर बेततं. लोक याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात आणि तेवढ्यात वेळ जातो.

यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, सकाळच्या ओपीडीत केसपेपर काढा. किती पितो, शेवटचा घोट कधी घेतला, आधी कधी फिट आली का, हे खरं सांगा. डॉक्टर झटके रोखणाऱ्या गोळ्या ठरावीक दिवस कमी करत नेतात. आणखी एक: अशक्तपणा आला म्हणून गावातल्या डॉक्टरकडून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. दारूड्याच्या अंगात बहुतेकदा बी-१ जीवनसत्त्व (थायमिन) कमी असतं, ते आधी न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. "थायमिन दिलं का?" एवढं विचारा. तोवर घरी आपल्या मनानं एकदम बंद करायला लावू नका.

लाल_डबा: वरचं झालं की मीटिंग. एएच्या भारतातल्या जनरल सर्व्हिस ऑफिसच्या संकेतस्थळावर जिल्ह्यानुसार शोधा. पण यादीवर विसंबून थेट निघू नका. ग्रुप शाळेच्या नाहीतर चर्चच्या खोलीत भरतात, खोली बदलली की यादी जुनीच राहते. आधी फोन लावा आणि विचारा: कोणत्या वारी, किती वाजता, मराठीत चालते का, आणि दुपारची एखादी आहे का. मीटिंग एक ते दीड तासाची. परतीची गाडी चुकत असेल तर तेही फोनवरच सांगा, त्या रस्त्यानं परतणारं कुणी निघू शकतं.

दुसरी वाट फोनवरून मीटिंगची. ऑनलाइनच्या मराठी मीटिंगांचं वेळापत्रकही त्याच फोनवर मागा. आठवड्याला एक प्रत्यक्ष, बाकी मोबाईलवर, असं खेड्यावरच्या माणसाला जमतं. नुसत्या मोबाईलवर मात्र तो लवकर गळतो. रेंज गेली की मीटिंगही गेली.

फी नाही. खर्चासाठी डबा फिरतो, नवख्यानं टाकलं नाही तरी चालतं. अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. एएच्या नावानं कुणी हजारो रुपये मागत असेल तर ते एए नाही. एए कुणाला भरती करत नाही, औषधही देत नाही.

तुमच्या बसण्याचं सांगतो. ओपन मीटिंगला घरचे बसू शकतात, क्लोज्ड फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांची. फोनवर हेही विचारून घ्या, नाहीतर तुम्हाला बाहेर ओट्यावर बसावं लागेल. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे. वहिनीला तिकडं पाठवा, भाऊ आला नाही तरी.

पांदण_रस्ता: फोन मी केला तर चालेल का? तो लाजतो. म्हणतो तालुक्यात कुणी ओळखीचं निघालं तर गावभर होईल.

लाल_डबा: तुम्ही लावा, पण बोलू त्याला द्या. पलीकडचा माणूसही पिणाराच होता, म्हणून दोन मिनिटांत बोलणं जुळतं. ओळखीचं निघालं तर तोही तिथं त्याच कामासाठी आलेला असतो, आणि आतलं बाहेर न बोलणं हा तिथला नियमच आहे. तरी नको वाटलं तर दुसऱ्या तालुक्यातली मीटिंग धरा. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. एका मीटिंगवरून ठरवू नका, ग्रुपाग्रुपात फरक असतो.

तुरीचं_शेत: खाजगी केंद्र निवडावंच लागलं तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ खालची नोंदणी दाखवा म्हणा. कागद दाखवत नसतील तर तिथं ठेवू नका, आणि घरातून उचलून नेणारी गाडी पाठवतो म्हणणाऱ्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका. फुकट सल्ल्यासाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. झोप उडाली, जीव घाबरा झाला तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६.

पांदण_रस्ता: आईनं जाहिरात पाहून "न सांगता दारू सोडवा" अशी पावडर मागवली आहे. वरणात घालायची म्हणते.

काळी_माती: घालू देऊ नका. अशा पुड्यांत काय आहे ते छापलेलंच नसतं. त्यात डायसल्फिरम असेल आणि तो वरून प्याला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं. माणूस दगावूही शकतो. हेच औषध डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या होकारानं, लिव्हर-हृदय तपासून आणि शेवटच्या घोटाला निदान बारा तास झाल्यावर. बंद केल्यावरही चौदा दिवसांपर्यंत असर राहू शकतो. पुडी ओपीडीला जाताना सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा.

पोळ्याआधी पहिली मीटिंग पाडून घ्या. पोळ्याची कर (दुसरा दिवस) आणि कापसाचे पैसे हातात येतात ते दिवस, या दोन वेळी गावात पिण्याचा जोर जास्त असतो. ते दिवस एएतल्या कुणाचा नंबर त्याच्या खिशात असू द्या.