मदत हवी आहे: ऑक्टोबरच्या पावसात टोफिनोपर्यंत एकट्याने बाईक

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर एकट्याने बाईक न्यायचा बेत आहे. हॉर्सशू बेहून फेरीने नानाइमो, तिथून हायवे १९ आणि मग हायवे ४ धरून पोर्ट अल्बर्नी आणि बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं टोफिनो, नानाइमोपासून साधारण २०० किलोमीटर. टोफिनोला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ऑक्टोबरपासून तो जोर धरतो.

मी मूळचा रत्नागिरीचा, त्यामुळे पाऊस नवा नाही. पण आपला पाऊस कोमट, इथला हाडं गोठवणारा. मागे व्हिसलरहून परतताना हातमोजे आतून भिजले आणि बोटं इतकी बधिर झाली की क्लच दाबता येईना. तेव्हा खरंच घाबरलो होतो.

म्हणून विचारतो, हँडलच्या गरम होणाऱ्या ग्रिप पुरेशा होतात की हातमोजेही तसलेच घ्यावेत? हेल्मेटच्या काचेवर आतून धुकं धरतं, त्याला काय करता? केनेडी लेकजवळच्या अरुंद वळणांवर ओली पानं साचतात का? पोर्ट अल्बर्नीलाच टाकी भरणार आहे, पण पुढे मोबाईलला रेंज कुठे कुठे जाते? आईला वाटेतून फोन करायचं कबूल केलंय. त्या रस्त्याने पावसात गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.