संस्कारांची तयारी: कागद, तेल, मेणबत्त्या आणि बाकी सगळं (अनुभव धागा)

जंक्शनकर
आज चर्चच्या ग्रुपवर पहिल्या कम्युनियनच्या (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या) वर्गाची नोटीस पडली आणि खाली प्रश्नांची रांग लागली. दाखला कुठला, फोटो किती, गॉडफादर (धर्मपिता) लागतो का. पूर्वी हीच नोटीस दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असायची आणि प्रश्नही हेच असायचे. ज्यांनी ही तयारी वर्षानुवर्षं करून घेतली आहे त्यांनी इथे लिहा. कोणाला किती रडू आलं ते नको, काय करायचं आणि कुठे अडतं तेवढं सांगा.

कागदांपासून सुरू करतो. भुसावळला निम्मी घरं रेल्वेची, म्हणजे स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) एका गावी, कम्युनियन दुसऱ्या, दृढीकरण (कन्फर्मेशन, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) तिसऱ्या. ध्यानात ठेवा, मूळ नोंद जिथे स्नानसंस्कार झाला त्याच चर्चच्या रजिस्टरात राहते. बदली झाली म्हणून ती तुमच्यामागे येत नाही. पुढे दृढीकरण झालं, लग्न झालं की तिथे कळवतात आणि त्याच नोंदीच्या समासात ते लिहिलं जातं. म्हणून मनमाडला स्नान झालेल्या पोराचा दाखला मनमाडहूनच येणार. पत्रात पूर्ण नाव, जन्मतारीख, संस्काराची तारीख, आईवडिलांची नावं (आईचं माहेरचं आडनावसुद्धा) आणि धर्मपिता-धर्ममाता एवढं हवं. तारीख आठवत नसेल तर निदान साल द्या, नाहीतर ऑफिसातल्या माणसाने किती रजिस्टरं उलटायची?

कम्युनियनला जुनी प्रत चालते. लग्नाला चालत नाही. तिथे सहा महिन्यांच्या आतली ताजी प्रत लागते, कारण समासात आधीच्या लग्नाची नोंद आहे का हेच तर बघायचं असतं.

केळीबाग
स्पेलिंगचं पण लिहा ना. नगरपालिकेच्या दाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, चर्चच्या दाखल्यावर संताचं. पासपोर्टच्या वेळी बोंब.

जंक्शनकर
हो, ते राहिलंच. फॉर्म भरताना जन्मदाखला समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच लिहा. रजिस्टरात एकदा चुकलं की खाडाखोड करत नाहीत. पुरावा घेऊन समासात दुरुस्ती लिहितात, खाली फादरची सही आणि तारीख. आणि हे काम मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर दारात फादरना गाठून होत नाही, ऑफिसच्या वेळेत जा.

माहेर_धुळे
गॉडफादरवरून आमच्याकडे भाऊबंदकी होते 😄 मोठ्या काकांना नाही केलं की ते जेवायला येत नाहीत.

सॅक्रिस्टीतून
काकांचा मान जेवणात ठेवा ताई, इथे नियम स्पष्ट आहे. वय 16 पूर्ण, स्वतः कॅथलिक, कम्युनियन आणि दृढीकरण दोन्ही झालेलं, आणि जगणं त्याला साजेसं. आईवडील स्वतः होऊ शकत नाहीत. एक पुरतो. दोन असले तर एक पुरुष एक स्त्री, दोन काका चालत नाहीत. दुसऱ्या पंथाचा बाप्तिस्मा झालेला मित्र असेल तर तो कॅथलिक धर्मपित्याच्या जोडीने साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. बहुतेक वेळा अडतं ते दृढीकरणावर, आणि ते कळतं संस्काराच्या आदल्या रविवारी. म्हणून नाव ठरवायच्या आधी दाखला मागा.

स्नानसंस्काराच्या दिवशीचं आता:

बाळाचा झगा समोरून उघडणारा घ्या. पहिलं तेल छातीवर लावतात. पाठीला चेन असलेला, गळ्यापर्यंत बंद फ्रॉक असला की फादर हातात तेल घेऊन थांबतात आणि आजी-मावश्या धावतात. टोपडं आधीच काढा. पाणी कपड्यावर नाही, डोक्याच्या कातडीवर वाहायला हवं. नंतरचं तेल, म्हणजे क्रिझ्म, टाळूवर. पांढरं वस्त्र त्यानंतर देतात, म्हणून ते पिशवीत वेगळं ठेवा, आधीच घालून आणू नका. मेणबत्ती ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवायची असते. तेवढा वेळ वरचा पंखा बंद, हे एका माणसावर सोपवा.

धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाणी कोमट करून ठेवायला कोणाची हरकत नसते.

पाडा_ते_पाडा
दवाखान्याचं सांगतो. बाळ अत्यवस्थ असेल आणि फादर दोन तासांवर असतील तर कोणीही स्नान देऊ शकतो, नर्ससुद्धा. ती ख्रिस्ती नसली तरी. चर्चला अभिप्रेत आहे तेच करायचा हेतू हवा, बस. साधं पाणी डोक्यावर तीनदा ओतायचं आणि ओततानाच म्हणायचं: 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नान देतो.' 'मी'च म्हणायचं. 'आम्ही' म्हटलेला संस्कार ग्राह्य नाही, हे रोमने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. नंतर तारीख, वेळ, जागा, कोणी दिलं, कोण हजर होतं हे कागदावर लिहून चर्चमध्ये द्या, रजिस्टरात चढतं. बाळ बरं झालं तर पुन्हा स्नान नाही. तेल, वस्त्र, मेणबत्ती हे उरलेले विधी चर्चमध्ये पूर्ण करतात.

माहेर_धुळे
हे माहीत नव्हतं. सिव्हिलमधल्या वहिनीला पाठवते.

शेवभाजी_जिंदाबाद
जेवणाचं कधी येणार धाग्यात

पाडा_ते_पाडा
थांब रे भो.

सातपुड्याच्या बाजूचं वेळापत्रक शहरवाल्यांना कळत नाही म्हणून लिहितो. दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे. पोरंही जातात. त्यामुळे जून ते मार्च असा शाळेसारखा वर्ग लावला तर निम्म्याहून जास्त पोरं मधूनच गायब. इथे तयारी पेरणी आटोपल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात. तीही आठवड्याला तास-तासभर नाही. नाल्याला पाणी असतं, रोज कोण येणार? एका मोठ्या पाड्यावर दोन-तीन दिवसांचं निवासी शिबिर, असं ठेवलं तर टिकतं. शिधा घरून मागवायचा.

भाषा पावरी किंवा भिलोरी. प्रार्थना मराठीतून पाठ होतात, पण अर्थ विचारला की सगळे खाली बघतात. म्हणून आधी गोष्ट त्यांच्या बोलीत, मग चित्र, मग प्रार्थना, असा क्रम. पाठांतर सर्वात शेवटी.

आणि होळी. काठी गावची होळी, भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आदिवासी बाजार) हे सोडून कोणी वर्गाला येणार नाही, यावं अशी अपेक्षाही धरू नका. फाल्गुनी पौर्णिमा उपवासकाळातच (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) येते, कधी तर थेट पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या. 2024 मध्ये होळी पेटली तोच झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) होता, 24 मार्च. वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग आणि चर्चचं कॅलेंडर शेजारी ठेवून तारखा मारा. होळीला माणसं गावी परततात, त्यामुळे लगेचचा आठवडा पापनिवेदनासाठी खरं तर सोयीचा.

केळीबाग
भोंगऱ्याचे फोटो टाका कोणीतरी 🙏

वर्गवाल्या_मावशी
पोळ्या करता करता लिहितेय, चुकभूल समजून घ्या.

पहिलं कम्युनियन साधारण सात वर्षांच्या पुढे, कारण मुलाला साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यातला फरक कळायला हवा. वय इतकं खाली आणलं दहाव्या पायसांनी, 1910 मध्ये. आधी पापनिवेदन, मग कम्युनियन, हा क्रम बदलत नाही.

पापनिवेदनाचा सराव: क्रुसाची खूण, शेवटचं पापनिवेदन कधी केलं ते ('हे माझं पहिलंच'), मग पापं, मग फादरचं ऐकायचं, पश्चात्तापाची प्रार्थना, पापमुक्ती, बाहेर येऊन सांगितलेलं प्रायश्चित्त लगेच पुरं करायचं. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्या लागतात. एक, आपली पापं सांगायची, भावाची नाही 😅 दोन, कागदावर यादी लिहून नेली तर ती बाकावर विसरायची नाही. पश्चात्तापाची प्रार्थना ऐनवेळी हमखास अडते, म्हणून ती छापून आत लावून ठेवा.

वेळेचा हिशोब करा हो. एका मुलाला चार-पाच मिनिटं, तीस मुलं म्हणजे दोन-अडीच तास. एकटे फादर असतील तर शेजारच्या धर्मग्रामातून अजून एक बोलवा.

कम्युनियनचा सराव कोऱ्या, म्हणजे मिस्सेत न वापरलेल्या होस्टने (कम्युनियनची गव्हाची पातळ चकती). बिस्किटाने नको. होस्ट कोरडा असतो, टाळूला चिकटतो, पहिल्यांदा मुलं बोट घालतात. तोंडात थोडं मऊ होऊ द्यायचं, मग गिळायचं. हातात घेताना डावा तळहात वर, उजवा खाली. 'आमेन' ऐकू येईल असं. बाजूला एक पाऊल सरकून तिथेच खायचं, हातात धरून जागेवर यायचं नाही. सरावाचे होस्ट वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी, आणि तो डबा वेदीच्या आसपासही नको.

उपवास कम्युनियनच्या आधी एक तास. पाणी आणि औषध चालतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन बघता पाणी पाजाच. सुटाबुटातली पोरं घेरी येऊन पडतात ती उपवासाने नव्हे, उन्हाने. मिस्सा सकाळी सातची ठेवा, साडेनवाची नको.

गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर महिनाभर आधी सांगा. कमी ग्लुटेनचे होस्ट मागवता येतात. पूर्ण ग्लुटेनविरहित मात्र ग्राह्य नाहीत, होस्टमध्ये गहू आणि पाणीच लागतं. तेही सोसत नसेल तर फक्त द्राक्षारस देतात.

शेवभाजी_जिंदाबाद
मावशी पोळ्या करपल्या का

वर्गवाल्या_मावशी
एक.

सॅक्रिस्टीतून
मावशींच्या यादीत जोड: सरावात नाही पण खऱ्या मिस्सेत होस्ट खाली पडला तर मुलाला रागावू नका. उचलायचा, फादर स्वतः घेतात किंवा पाण्यात विरघळवतात, आणि ती जागा ओल्या कापडाने पुसतात. ते पाणी आणि वेदीवरच्या रुमालांचं पहिलं धुणं मोरीत जात नाही, झाडाच्या बुंध्याशी मातीत ओतायचं. नवीन मदतीला आलेल्या बायका रुमाल थेट मशीनला टाकतात, तेवढं आधी सांगून ठेवा.

आता सामान. झावळ्यांसाठी आपल्याकडे नाल्याकाठची शिंदी. आदल्या दिवशी तोडा, बुडखे पाण्यात ठेवा, पानांच्या टोकांना काटा असतो तो छाटा, लहान मुलांच्या डोळ्याच्या उंचीला येतो. वाळलेल्या झावळ्या पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारसाठी (उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळाला राख लावतात). लोखंडी कढईत, उघड्यावर जाळा, पूर्ण काळ्या झाल्या की थंड करून खला आणि मलमलीतून चाळा. पसाभर राख पूर्ण चर्चला पुरून उरते. राखेत पाणी घालून खीर करू नका. राख-पाण्याचा क्षार होतो, कपाळ चुरचुरतं, कधी भाजतं. कोरडी लावा, फारच उडत असेल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब.

पास्काची (ईस्टरची मोठी) मेणबत्ती मेमध्ये वाकते. पत्र्याच्या छपराखालची खोली असेल तर हमखास. वापर नसेल तेव्हा आडवी, सपाट फळीवर, कापडात गुंडाळून, जमिनीलगत थंड कोपऱ्यात. भिंतीला टेकवून उभी ठेवली की संपली. सालाचे आकडे आणि धुपाचे पाच मणी बसवायची भोकं आदल्या दिवशी गरम सुईने करून ठेवा. अंधारात, वाऱ्यात ते मणी बसत नाहीत.

पाडा_ते_पाडा
दृढीकरणाचं कोणी लिहिलं नाही. बिशप नाशिकहून येतात (1987 पासून आपण नाशिक धर्मप्रांतात, त्याआधी पुणे), दरवर्षी प्रत्येक गावाला येणं होत नाही, म्हणून एका रांगेत लहान-मोठी सगळी असतात. प्रत्येकाच्या छातीवर नाव, ठळक मराठीत. कपाळावरचे केस मागे. क्रिझ्म कपाळाला लागतं आणि बटा मधे येतात. धर्मपित्याचा उजवा हात मुलाच्या खांद्यावर. शक्यतो स्नानाच्याच वेळचा धर्मपिता असावा. आणि बिशपांसाठी तबकात लिंबाच्या फोडी, पावाचा तुकडा, पाणी, टॉवेल. त्याशिवाय बोटांचं तेल जात नाही.

माहेर_धुळे
लग्नाचं सांगा, पुतण्याचं ठरतंय, मुलगी हिंदू आहे. तारीख हॉलवाल्याने मागितलीय.

जंक्शनकर
ताई, हॉलला पैसे द्यायच्या आधी फादरना भेटा. लग्नाच्या निदान तीन महिने आधी. पुतण्याचा ताजा स्नानदाखला, दृढीकरणाचा दाखला, दोघांचे वयाचे पुरावे (21 आणि 18), विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र, दोन साक्षीदार. तीन रविवार चर्चमध्ये घोषणा. मुलगा बाहेरगावी नोकरीला असेल तर तिथल्या चर्चचं फ्रीडम लेटरही (तो लग्नाला मोकळा आहे असं पत्र). मुलगी स्नान न झालेली असल्यामुळे बिशपांची सूट लागते. ती नसेल तर चर्चच्या नियमाने लग्न ग्राह्यच नाही. अर्ज इथून फादर करतात, कागद नाशिकला जातो, यायला वेळ लागतो. पुतण्याला लिहून द्यावं लागतं की मी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक वाढवायचा माझ्याकडून होईल तो प्रयत्न करीन. मुलीला ते सांगितलेलं असावं लागतं. तिने धर्म बदलावा अशी अट नाही, हे तिच्या घरी स्पष्ट सांगा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पवित्र शुक्रवार-शनिवार सोडा. एरवी उपवासकाळात बंदी नाही पण साधेपणाने करा म्हणतात, बँड नको.

मंगळसूत्र अंगठ्यांबरोबर आशीर्वादित करून घेता येतं. फादरना आधी विचारून घ्या.

माहेर_धुळे
बँड नसेल तर आमची वरात निघणारच नाही 🙈 ईस्टरनंतरच बघते.

शेवभाजी_जिंदाबाद
वरात डीजेपुढे दोन तास नाचली की फादर दुसऱ्या पाड्यावरच्या मिस्सेला निघून जातात. चर्चची वेळ वरातीच्या वेळेच्या आधीची सांगायची, छापायची पण तीच.

आता तरी जेवण. सणाला शंभर पानं आहेत, भरीत-पुरी ठरलंय, वांगी किती?

केळीबाग
माणशी पाव किलो धर, म्हणजे पंचवीस. हिरवी, पांढरट, कमी बियांची. पऱ्हाटीच्या (कापसाच्या) काड्यांवर भाजा, गॅसवर ती चव नाही. मिरची-लसूण आधी बडजीत (भरीत कुटायचं मोठं लाकडी भांडं) कुटून घ्यायचं, मग वांगी. कांद्याची पात शेवटी, नाहीतर पाणी सुटतं.

सॅक्रिस्टीतून
पऱ्हाटी सगळी संपवू नका, ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीच्या अग्नीला लागते. फक्त पऱ्हाटी लावली तर भडकते आणि लगेच विझते, धूपदानीला निखारे उरत नाहीत. खाली बाभळीची दोन लाकडं, वर पऱ्हाटी, अर्धा तास आधी पेटवा. आणि सूर्य मावळून नीट अंधार झाल्यावरच सुरू, म्हणजे आठच्या आधी नाही.

शेवभाजी_जिंदाबाद
बडजी कोणाकडे आहे? चर्चची तडकली.

वर्गवाल्या_मावशी
माझ्याकडे आहे, पण दोन माणसं पाठव उचलायला. आणि धुऊन परत आणा.