अडीच महिन्यांची गावरान पिल्लं: नर कुठले, तलंगा कुठल्या?

परसदारची (दापोली):
खुडूक कोंबडीखाली तेरा अंडी ठेवली होती. अकरा फुटली, दोन पिल्लं घारीने नेली, नऊ राहिली. आता अडीच महिन्यांची आहेत. खुराड्यात जागा सहांचीच, म्हणून नर विकून तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) ठेवायच्या आहेत. चौघांचा तुरा मोठा नि लाल, तिघांची नुसती फिकी रेघ, दोघांचं काही कळत नाही. सासूबाई म्हणतात, पाय धरून उलटं टांग, मान वर काढून फडफडला तर नर. काल टांगलं. नऊच्या नऊ फडफडली. व्हिडिओत पंख उघडून पिसांची लांबी बघतात, ते जमेल का?

मालवणी काका:
ताई, पंखांचं विसरा. ते हॅचरीचं काम, तेही पिल्लू एक-दोन दिवसांचं असताना. बापाची जात लवकर पिसं फुटणारी आणि आईची उशिरा फुटणारी, असं ठरवून जोडी लावली तरच पिल्लांत मादीची पंखाची पिसं नरापेक्षा लांब दिसतात. आपल्या गावरानात कोण कुठला, कुणाला ठाऊक!

तुऱ्यावरही पूर्ण विसंबू नका. एका वर्षी राखणीला (राखणदार देवाला मान द्यायला) कोंबडा हवा म्हणून मी लाल तुऱ्याचा एक वेगळा काढला, दोन महिने तांदळाच्या कण्या घालून पोसला. राखणीच्या दिवशी पहाटे डालगं उचललं तर खाली अंडं! राखणीला कोंबडाच लागतो. शेजाऱ्याकडून दुप्पट पैसे मोजून आणला, आणि तो अजून मला रस्त्यात भेटला की "अंडं काय म्हणतं?" विचारतो.

तेव्हापासून मी पाठ बघतो. संध्याकाळी खुराड्यात शिरली की एकेक धरा, सकाळी उन्हात न्या. शेपटीच्या बुडाशी पाठ उतरते तिथली पिसं बोटाने उचला. नराला तिथे अरुंद, टोकदार, चकाकणारी पिसं येतात आणि दोन्ही अंगांनी खाली लोंबतात. तलंगेची तिथली पिसं रुंद, गोल टोकाची, अंगाला चापून बसलेली. मानेवरही तोच फरक, पण पाठीवर चटकन कळतो. अडीच महिन्यांत ही पिसं नुकती डोकावतात, तेव्हा आणखी तीन आठवडे थांबा. घाईत तलंग विकलीत तर सहाव्या महिन्यात तिची अंडी दुसऱ्याच्या घरी.

नगरकर:
थांबायचं कशाला, आरवला की कळेलच की.

मालवणी काका:
सगळे आरवत नाहीत हो. एक दांडगा असला की धाकटे दबून गप्प राहतात. दांडगा विकला की दुसऱ्या आठवड्यात दुसरा सुरू.

कडकनाथवाला (संगमनेर):
काकांना अनुमोदन. आमच्यात तर तुऱ्याच्या लालीचा उपयोगच नाही, तो काळपट जांभळा. मी पाठीच्या पिसांसोबत पाय बघतो. एका वयाच्या पिल्लांत नराची नळी जाड, पाऊल मोठं. एकट्या पायावर मात्र विकू नका.

परसदारची (दापोली):
तीन आठवडे थांबले, आज सकाळी पडवीत सगळी धरून बघितली. लाल तुऱ्याच्या चौघांत तिघे नर, चौथीची पाठ गोल पिसांची! न कळणाऱ्या दोघांपैकी एक नर निघाला. म्हणजे चार नर, पाच तलंगा. चौघांपैकी एक ठेवते, खुराड्यात सहा बरोबर बसतात. काका, तुमचं अंडं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, उलटं टांगलं नसणार.