स्वतःच्या मालाबद्दलही आपण ठाम का बोलत नाही?

दिवाणजी_सांगली
सांगलीत एका अडत दुकानात हिशेब बघतो. हळदीचे सौदे सुरू झाले की रोज एकच प्रकार दिसतो. शेतकऱ्यानं हळद स्वतः लावलेली, शिजवलेली, वाळवलेली, पॉलिश केलेली. खरेदीदार विचारतो, "माल कसा हाय?" उत्तर येतं, "बरा हाय की. बघा आता तुम्हीच." अहो, तुम्ही सांगा ना! या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पिकवणारा तिच्याबद्दल बोलताना अजून खाली बघतो.

भाव लिलावातल्या बोलीवर ठरतो, शेतकऱ्याच्या बोलण्यावर नाही, हे मला कळतं. खरी गोची नंतर होते. वजन, तोलाई, हमाली, पट्टी (म्हणजे कपाती वजा करून दिलेला विक्रीच्या हिशेबाचा कागद) आणि शेवटी पैसे. "पैसं कधी मिळतील वो? नसंल जमत तर ऱ्हाऊ द्या, पुढच्या आठवड्यात येतो." समोरच्यानं तोंडही उघडलेलं नसतं आणि यानं आठवड्याची सवलत देऊन टाकलेली असते. हाच माणूस गावातल्या पारावर पुढचा आमदार कोण हे छातीठोकपणे सांगतो!

माझं म्हणणं साधं आहे. जे माहीत आहे ते आकड्यानिशी सांगा, जे हवंय ते तारखेनिशी मागा, आणि मागून झालं की गप्प बसा. ते गप्प बसणंच आपल्याला जमत नाही.

हरिपूरकर
ठामपणाचं एवढं कौतुक असेल तर २०१९ चा पूर आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. आमच्या गल्लीत एक काका कट्ट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, "२००५ ला पायरीच्या वर आलं न्हाई, आताबी येत न्हाई." आवाज खणखणीत, शंकेला जागाच नाही. लोक थांबले. पाणी ५७ फुटांवर गेलं. काकांसकट सगळे बोटीतून बाहेर आले.

त्याच गल्लीत एक शिक्षिका म्हणत होत्या, "काही सांगता येत नाही हो, सामान वर टाकलेलं बरं." त्यांचं कुणी ऐकलं नाही, का तर त्या चाचरत बोलत होत्या. आपल्याला ठाम बोलणारे कमी नाहीत, जास्त झालेत.

दिवाणजी_सांगली
हरिपूरकर, काकांची माहिती जुनी होती. दोष तिचा, आवाजाचा नाही. आणि बाईंचं बरोबर असूनही वाया गेलं, ते का? "पाणी किती येईल ते कुणालाच माहीत नाही, म्हणून आजच निघा," असं एका दमात म्हणाल्या असत्या तर? माहीत नाही हेसुद्धा ठामपणे सांगता येतं.

हरिपूरकर
म्हणजे बाईंनीच बदलायचं. काकांवर विश्वास टाकणाऱ्यांनी काहीच शिकायचं नाही. वा! कट्ट्यावरच्या कुणी काकांना एकदा तरी विचारलं का, की कोयनेतून किती सोडलंय, पुलाला आता किती आहे? आवाज ऐकला की आपण प्रश्न विचारायचे थांबतो, माझं भांडण त्याच्याशी आहे.

तासगावचा
क्लासवाल्यांनी वाट लावलीय. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट करून आलेली पोरं हात हलवत, डोळ्यांत डोळे घालून बोलतात, आणि बेदाण्याला किती दिवस वाळायला लागतात विचारलं की ततपप. क्रांतिसिंह नाना पाटील याच मातीतले, येडेमच्छिंद्रचे. कुठला क्लास केला होता? गावच्या बोलीत बोलायचे आणि माणसं ऐकायला गर्दी करायची. १९४३ नंतर प्रतिसरकार चालवलं, म्हणून शब्दाला वजन होतं. काम पाठीशी नसलं तर कसला आत्मविश्वास?

मिरजवाली
वरचे तिघंही पुरुष आहेत असं धरून चालते. बाई ठाम बोलली की काय होतं, ते कुणी लिहिलंच नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी टाकीच्या गळतीबद्दल म्हणाले, "तीन कोटेशनं मागवा, त्याशिवाय मी सही करणार नाही." खाली उतरेपर्यंत माझी "लय शहाणी" झाली होती. माझ्या नवऱ्यानं पुढच्या मीटिंगला हेच वाक्य म्हटलं, तर "साहेबांचा मुद्दा बरोबर आहे". घरी सासऱ्यांना काही सांगायचं तर मी अजूनही "मला आपलं वाटलं" हे शेपूट लावते. हा भित्रेपणा नाही, त्याशिवाय काम होत नाही.

अमेरिकेत ओबार आणि अ‍ॅटकिन्स यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या कोर्टातल्या साक्षी तपासल्या होत्या, १९८० मध्ये ते छापून आलं. त्याआधी असं मानलं जायचं की चाचरत, आडवळणानं बोलणं ही बायकांची रीत. यांना दिसलं की ज्याची समाजात पत कमी तो तसा बोलतो, मग बाई असो की बाप्या. शिकलेल्या, जाणकार म्हणून साक्ष द्यायला आलेल्या बायका सरळ बोलत होत्या. दिवाणजी, तुमचा शेतकरी खाली का बघतो याचं उत्तर यात आहे. त्याला बोलता येत नाही असं नाही, पारावर येतंच की. तुमच्या दुकानात त्याची पत नाही.

दिवाणजी_सांगली
पत हा मुद्दा मान्य. पण मग पत येईपर्यंत वाट बघायची का? त्याच्या मालाचे पैसे त्याला आत्ता हवेत. आणि पत कधीकधी बोलण्यातूनच येते. आमच्याकडे जत भागातले एक आजोबा येतात, शाळा बेताचीच. पट्टी हातात घेतात, प्रत्येक कपातीवर बोट ठेवतात आणि एवढंच विचारतात, "हे कशाचं?" आवाज चढवत नाहीत. उत्तर मिळेपर्यंत बोटही काढत नाहीत. आम्ही दिवाणजी मंडळी त्यांची पट्टी दोनदा तपासून मगच पुढं करतो.

तासगावचा
बोट ठेवायला आधी पट्टी वाचता यावी लागते. माझंच म्हणणं झालं.

हरिपूरकर
आजोबा प्रश्न विचारतात, ठाम विधान करत नाहीत. माझंही झालं. :)
बरं, एक सांगा. असं कुणी विचारलं की तुमचे मालक काय म्हणतात?

दिवाणजी_सांगली
पाठ वळली की म्हणतात, "पाव्हणं लय कायदा शिकलंय." पण चेक त्याच दिवशी निघतो.

मिरजवाली
म्हणजे टोमणा पुरुषालाही बसतो. फक्त त्याच्या टोमण्याबरोबर चेक येतो.