मदत हवी आहे : प्रकाशाला मागे का टाकता येत नाही?

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहतो. काल गच्चीवर नववीतल्या लेकीने विचारलं, "बाबा, यानाचं इंजिन अजून जोरदार केलं तर प्रकाशाला मागे टाकता येईल ना?"

मी सांगितलं, प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो. यान त्या वेगाजवळ जाईल तशी लागणारी ऊर्जा बेसुमार वाढते, हे आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सिद्धांतातून निघतं. तिने वहीत आलेख काढला, रेघ पानाच्या वर निघून गेली. मग म्हणाली, "पण असं का?" तिथे मी अडलो. ही मर्यादा टाळायला १९९४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अल्कुबिएरे यांनी यानापुढचं अवकाशच आकसवायची आणि मागचं पसरवायची कल्पना मांडली, पण तिला ऋण ऊर्जा लागते. ती काय, हे तरी कसं सांगू?

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी कृपया रोजच्यातलं एखादं उदाहरण सुचवा. रविवारी परत गच्चीवर बसणार आहोत.