इंग्रजी आरमारी पुस्तकांतील दोरांची नावे मराठीत कशी आणावीत?

शब्दवेल्हाळ, सदाशिव पेठ

नमस्कार. अठराव्या शतकातील ब्रिटिश आरमारावरील एका इंग्रजी पुस्तकाचे मी भाषांतर करीत आहे. शिडे, डोलकाठ्या आणि सुकाणू यांपर्यंत काम सुरळीत चालले. दोरांच्या प्रकरणात मात्र लेखणी अडली. एकाच पानावर रोप, लाइन, शीट, हॉसर आणि केबल असे पाच शब्द येतात आणि शब्दकोश बहुतेकांपुढे ‘दोर’ किंवा ‘दोरखंड’ एवढेच सांगून मोकळा होतो. शिवाय ‘अठरा इंची केबल’ असा उल्लेख आहे. दीड फूट जाडीचा दोर माणसांनी हाताळला कसा असेल, हे पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना दर्यावर्दी, खडकवासला

आपले पाच शब्द एका जातीचे नाहीत, म्हणून घोटाळा होतो. दोर गुंडाळीत असतो तोवर तो रोप. त्यातून तुकडा कापून कामाला लावला की तो लाइन, असा जहाजावरचा रिवाज आहे, जरी बेल रोप, फूट रोप असे थोडे अपवाद टिकून आहेत. शीट हे निव्वळ कामाचे नाव आहे. शिडाचा खालचा मोकळा कोपरा ज्या दोराने आवळतात किंवा सैल सोडतात, तो दोर म्हणजे शीट. शीट म्हणजे शीड असे समजणे फार सोपे आहे, कारण दोन्ही अर्थांनी खलाशी काहीतरी ओढतच असतात! येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या पीकॉक बे या जलाशयाकाठच्या प्रशिक्षण केंद्रात होडी चालवायला शिकणाऱ्या छात्राच्या एका हाती सुकाणूचा दांडा आणि दुसऱ्या हाती शीट असते. वाऱ्याचा झोत आला की शीट सैल सोडावी, हे त्याला आधी शिकावे लागते.

अठरा इंच हा व्यास नव्हे, परीघ आहे. त्या काळी दोराची जाडी परिघावरूनच सांगत, त्यामुळे आपला दोर सुमारे पावणेसहा इंच, म्हणजे साडेचौदा सेंटीमीटर व्यासाचा झाला. पुढे कोठे ‘दोन केबल अंतरावर’ असे आल्यास तेथे दोर शोधू नये. केबल हे अंतराचेही माप असून ते सागरी मैलाचा दहावा भाग, म्हणजे सुमारे 185 मीटर आहे.

दोरवाला, रविवार पेठ

हॉसर म्हणजे जहाज बांधण्या-ओढण्याचा जाड दोर आणि केबल म्हणजे नांगराचा त्याहून जाड दोर. पण त्यांतील फरक घडणीचाही आहे, एवढी भर घालतो. तंतू उजवीकडे पिळून सूत, सुते डावीकडे पिळून पेड आणि तीन पेड पुन्हा उजवीकडे वळून जो दोर होतो, तो हॉसर-लेड, म्हणजे हॉसरच्या घडणीचा. असे तीन तयार दोर एकत्र डावीकडे वळले की केबल-लेड. त्यात एकूण नऊ पेड असतात. दर टप्प्याला पीळ उलटा, कारण पेड उलगडू पाहतो तेव्हा दोराचा पीळ अधिक आवळला जातो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण सगळे टप्पे एकाच दिशेने पिळले, तर दोर न जळताही उसवतो. बोहरी आळीतून तीनपेडी दोराचा हातभर तुकडा आणून उभा धरावा. पेड खालून डावीकडून वर उजवीकडे चढताना दिसले, तर तो उजव्या पिळाचा.

वळताना लांबी सुमारे एक तृतीयांश घटते, म्हणून दोरशाळा अतिशय लांब बांधावी लागे. इंग्लंडमधील चॅटहॅमची 1791 मध्ये पूर्ण झालेली दोरशाळा सुमारे 346 मीटर लांब आहे आणि तेथे आजही दोर वळले जातात.

शब्दवेल्हाळ

दोघांचे मनःपूर्वक आभार. शीट, हॅल्यार्ड (शीड वर चढवण्याचा दोर) ही नावे तशीच ठेवून पहिल्या उल्लेखाला अर्थ देईन. घडणीसाठी ‘तीनपेडी’ आणि ‘नऊपेडी’ हे शब्द वापरीन. एक शंका उरते. दोराच्या बाबतीत ‘वर्म’, ‘पार्सल’ आणि ‘सर्व्ह’ ही क्रियापदे पाठोपाठ येतात. तेथे किडा, पुडके आणि वाढप असे काही नसावे, अशी आशा आहे.

जुना दर्यावर्दी

तसे काही नाही. पाण्यापासून आणि घर्षणापासून दोर वाचवण्याची ही तीन कामे आहेत. आधी पेडांमधील खाचांत बारीक दोरी भरतात, मग त्यावर डांबर लावलेल्या शिडाच्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळतात आणि शेवटी त्या सगळ्यावर सुतळी घट्ट आवळून वेढतात. पहिली दोन कामे पिळाच्या दिशेने होतात, तिसरे उलट दिशेने. भाषांतरात ही दिशा चुकवू नये.