रशियन नामांची दुहेरी रूपे : कोणते केव्हा वापरावे?

प्रश्न (विद्यार्थिनी, पुणे)

नमस्कार. मी रशियन शिकत आहे. विभक्तिप्रत्यय बऱ्यापैकी अंगवळणी पडले आहेत, परंतु एकाच नामाची एकाच विभक्तीत दोन रूपे समोर आली की निर्णय होत नाही. 'चाय' म्हणजे चहा; त्याची षष्ठी पाठ्यपुस्तकात 'चाया' अशी आहे, पण संवादांत 'स्ताकान चायू' (पेलाभर चहा) असे येते. 'बागेविषयी' म्हणताना 'ओ सादे' आणि 'बागेत' म्हणताना 'व सादू'. 'दोगोवोर' म्हणजे करार; त्याची 'दोगोवोरी' आणि 'दोगोवोरा' अशी दोन अनेकवचने कानावर येतात. मला पुढे व्यापारी पत्रव्यवहाराचे भाषांतर करायचे आहे. यांपैकी कोठे निवडीला वाव आहे आणि कोठे नाही? (रशियन शब्द उच्चाराप्रमाणे न देता त्यांच्या लेखनाप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.)

उत्तर १ (निवृत्त अनुवादक)

आपण दिलेल्या तीन जोड्या एका जातीच्या नाहीत, आणि हे आधी ओळखणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

'सादू' आणि 'सादे' यांत निवड नाहीच. शंभराहून अधिक पुल्लिंगी नामे, त्यांतील बहुतेक एकाक्षरी, 'व' किंवा 'ना' या शब्दयोगी अव्ययांबरोबर स्थळ किंवा काळ दाखवताना ऊकारान्त होतात आणि आघातही त्या ऊकारावरच येतो : 'व लेसू' (जंगलात), 'ना मोस्तू' (पुलावर), 'व गोदू' (साली). 'विषयी' या अर्थी मात्र एकारान्तच. 'क्राय' या शब्दाचा अर्थ 'कड' असेल तर 'ना क्रायू', पण तोच शब्द प्रशासकीय प्रदेशासाठी असेल तर 'व क्राये'. सर्वांत बोलके उदाहरण चेखव्हच्या नाटकाचे आहे : चेरीच्या खऱ्याखुऱ्या बागेत कोणी उभे असेल तर 'व विश्न्योवोम सादू', पण त्या नावाच्या नाटकात कोणी भूमिका करत असेल तर 'व विश्न्योवोम सादे', कारण तेथे बाग हे स्थळ उरत नाही.

'चायू'चे तसे नाही. पदार्थाचे परिमाण सांगताना ते चालते आणि 'खोतीते चायू?' (चहा घेणार का?) हे घराघरांत ऐकू येते, तरी 'चाया' कोठेही चुकत नाही. उलट चहाची किंमत, चव किंवा रंग सांगायचा असेल तेथे 'चायू' चूकच ठरते. आधी विशेषण आले की परिमाण असूनही कल 'चाया'कडे जातो : 'स्ताकान क्रेप्कोगो चाया' (पेलाभर कडक चहा). 'नी राज़ू' (एकदाही नाही) यासारख्या ठरीव प्रयोगांत मात्र ऊकार बदलता येत नाही. 'इज़ दोमू' म्हणजे स्वतःच्या घरून, आणि 'इज़ दोमा' म्हणजे एखाद्या इमारतीतून, हा भेदही जपण्याजोगा आहे.

उत्तर २ (भाषाशास्त्राचा अभ्यासक)

वरील उत्तराला इतिहासाची जोड देतो. हे दोन्ही ऊकार प्राचीन स्लाव्हिक भाषेतील एका लहानशा उकारान्त नामगणातून आले. घर, मध, बैल, मुलगा अशा मोजक्या शब्दांचा तो गण पुढे मोठ्या पुल्लिंगी गणात विलीन झाला, पण जाताना आपले प्रत्यय इतर शब्दांना देऊन गेला. रशियन विद्वान लोमोनोसोव्हने 1755 मध्ये लिहिलेल्या व्याकरणात याची नोंद आहे : 'दोल्ग' हा शब्द मानवी कर्तव्य या उदात्त अर्थी असेल तर षष्ठी 'दोल्गा', पण गेल्या वर्षीचे कर्ज या व्यवहारातल्या अर्थी 'दोल्गू'. म्हणजे षष्ठीतल्या ऊकाराला बोलीचा आणि घरगुतीपणाचा रंग तेव्हापासून आहे, आणि म्हणूनच औपचारिक लेखनात तो मागे पडला.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. 'घरी', 'दारी', 'गावी' आपण सहज म्हणतो, पण हा प्रत्यय वाटेल त्या नामाला लावत नाही.

उत्तर ३ (अध्यापिका, मुंबई)

अनेकवचनाविषयी लिहिते, कारण व्यापारी मजकुरात खरी कसोटी तेथे लागते. करारनाम्यात 'दोगोवोरी' हेच लिहावे. 'दोगोवोरा' कार्यालयांतील बोलण्यात रुळले असले तरी लेखी मजकुरात ते खटकते. आघातयुक्त आकारान्त अनेकवचन गेल्या दोन शतकांत पसरत गेले आहे. 'प्रोफेस्सोरी' एकेकाळी शिष्ट होते, आज फक्त 'प्रोफेस्सोरा' चालते. 'इंजिनियर'चे अनेकवचन मात्र प्रमाण भाषेत अजूनही 'इंजेनेरी'च आहे. याला सरसकट नियम नाही, शब्दागणिक पाहावे लागते.

काही जोड्यांत अर्थच बदलतो : 'लिस्ती' म्हणजे कागद, 'लिस्त्या' म्हणजे झाडाची पाने, 'त्स्वेती' म्हणजे फुले, 'त्स्वेता' म्हणजे रंग. येथे चूक झाली तर वाक्याचा अर्थ बिघडतो, म्हणून या जोड्या प्रथम पाठ कराव्यात.

उच्चारकोशात दोन रूपांमध्ये नुसते 'इ' (आणि) असेल तर ती समान दर्जाची समजावीत. 'दोप.' असा संक्षेप असेल तर दुसरे रूप चालते, परंतु आपण पहिलेच लिहावे.

विद्यार्थिनी, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. मालाच्या यादीत 'पन्नास किलो साखर' यासाठी 'किलोग्राम साखारू' लिहावे की 'किलोग्रामोव साखारा'? आणि कारखान्याच्या विभागात म्हणताना 'व त्सेखे' की 'व त्सेखू'?

निवृत्त अनुवादक

यादीत 'किलोग्रामोव साखारा'. बाजारात 'किलोग्राम' ऐकू येईल आणि ते कोणाला खटकणार नाही, पण कागदावर पूर्ण रूपच हवे. 'व त्सेखू' ही कामगारांच्या तोंडची भाषा आहे. पत्रात 'व त्सेखे' लिहा, आणि प्रत्यक्ष कारखान्यात दुभाषी म्हणून गेलात तर समोरचा जे म्हणेल ते निःशंकपणे म्हणा.